इंजिन ऑइल आणि फिल्टर यांची निवड

दुचाकीचे किंवा मोटारीचे इंजिन ऑइल घरच्या घरी बदलणे हे यांत्रिकदृष्ट्या फारसे अवघड काम नाही. इंजिनाच्या तळाचा नट काढून जुने ऑइल वाहू द्यायचे, फिल्टर बदलायचा, नट पुन्हा बसवून नवे ऑइल मोजून भरायचे, एवढाच त्याचा क्रम आहे. अवघड असते ती त्याआधीची निवड. कारण दुकानातील प्रत्येक डब्यावर ‘१०डब्ल्यू-३०’, ‘एपीआय एसएन’, ‘जासो एमए२’, ‘फुली सिंथेटिक’ अशा संकेतांची गर्दी असते आणि त्यांचा उलगडा न झाल्याने ग्राहक शेवटी किंमत, जाहिरात किंवा दुकानदाराचा शब्द यांवर विसंबतो. वस्तुतः हे संकेत चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात : ऑइल किती दाट आहे, ते कोणत्या प्रमाणित चाचण्यांना उतरले आहे, ते दुचाकीच्या क्लचला चालेल का आणि ते कोणत्या मूळ तेलापासून बनवले आहे. यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे वाहनाच्या उत्पादकाने वाहनासोबतच्या माहितीपुस्तिकेत आधीच देऊन ठेवलेली असतात, त्यामुळे ग्राहकाचे खरे काम म्हणजे पुस्तिकेतील मजकूर आणि डब्यावरील मजकूर यांचा नेमका मेळ घालणे हे होय.

ऑइलला करावी लागणारी कामे

क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरतो त्यांच्यात आणि शाफ्टमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच फट असते. शाफ्ट वेगाने फिरू लागला की या फटीत ऑइलचा दाबयुक्त थर तयार होतो आणि शाफ्ट धातूवर न टेकता त्या थरावर तरंगत फिरतो. मात्र इंजिन सुरू होण्याच्या क्षणी, तसेच पिस्टन आपल्या वरच्या व खालच्या टोकाशी क्षणभर थांबतो तेव्हा, हा थर पुरेसा जाड नसतो. अशा वेळी धातूच्या पृष्ठभागावर रासायनिक लेप निर्माण करणारी झीजरोधक द्रव्ये उपयोगी पडतात. त्यांतील सर्वांत प्रचलित द्रव्य जस्त आणि फॉस्फरस यांचे संयुग असून ‘झेडडीडीपी’ या संक्षेपाने ते ओळखले जाते.

वंगणाखेरीज पिस्टनच्या तळाची उष्णता वाहून नेणे, पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांमधील सांधा बंद राखणे, ज्वलनातून येणारी काजळी व आम्ले पोटात घेणे आणि धातूला गंजण्यापासून वाचवणे ही कामेही ऑइललाच करावी लागतात. त्यासाठी त्यात मळ सुटा करणारी अपमार्जके, सुटलेली काजळी तरंगत ठेवणारी विखुरक द्रव्ये, तेल लवकर आंबू न देणारी प्रतिऑक्सिडीकारके आणि फेस मोडणारी द्रव्ये मिसळलेली असतात. हीच द्रव्ये वापरात हळूहळू खर्ची पडतात आणि ऑइल ठराविक काळाने बदलावे लागते ते मुख्यतः त्यामुळे. ऑइल काळे पडले म्हणजे ते संपले, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते. डिझेल इंजिनात नवे ऑइल अल्पावधीतच काळे होते आणि ते काजळी उचलत असल्याचेच ते लक्षण असते. बदलाची वेळ रंगावरून न ठरवता पुस्तिकेतील किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्यावरून ठरवणे योग्य.

दाटपणाचे आकडे

द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधाला, म्हणजे व्यवहारातील दाटपणाला, शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात. तिच्यानुसार इंजिन ऑइलची वर्गवारी करण्याची पद्धत अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने १९११ मध्ये सुरू केली आणि तिचीच सुधारित आवृत्ती आज जगभर वापरली जाते. ‘१०डब्ल्यू-३०’ या संकेतातील दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा दाटपणा दाखवतो. १०० अंश सेल्सिअस तापमानाला ज्याची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या मर्यादेत असते ते ३० क्रमांकाचे, १२.५ ते १६.३ या मर्यादेतील ४० क्रमांकाचे आणि १६.३ ते २१.९ या मर्यादेतील ५० क्रमांकाचे ऑइल होय. २० अंशांच्या साध्या पाण्याची श्यानता साधारण १ सेंटिस्टोक असते, यावरून या आकड्यांची कल्पना येईल.

पहिला आकडा आणि त्यापुढील हिवाळ्याचे निदर्शक असे ‘डब्ल्यू’ हे अक्षर थंडीतील वर्तन सांगतात. २०डब्ल्यू ऑइलची इंजिन फिरू देण्याची क्षमता उणे १५ अंशांना, १०डब्ल्यूची उणे २५ अंशांना आणि ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना तपासली जाते. महाराष्ट्र-गोव्यात असे तापमान कधीच येत नाही, म्हणून हा आकडा येथे निरर्थक आहे असे वाटण्याची शक्यता आहे. परंतु पुण्याच्या किंवा नाशिकच्या हिवाळी सकाळीही थंड इंजिनातील ऑइल तापलेल्या ऑइलच्या कितीतरी पट दाट असते आणि दुसरा आकडा समान असताना पहिला आकडा लहान असलेले ऑइल सामान्यतः इंजिनाच्या माथ्यापर्यंत लवकर पोहोचते. इंजिनाची बरीचशी झीज सुरुवातीच्या या टप्प्यात होत असल्याने त्याचा फायदा उष्ण प्रदेशातही मिळतो.

‘आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणून ऑइल जाड हवे’ हा सल्ला दुकानांतून सर्रास ऐकू येतो. पाण्याने थंड होणाऱ्या मोटारीच्या इंजिनात थर्मोस्टॅट पाण्याचे तापमान ठराविक मर्यादेत राखतो, त्यामुळे नागपूरचा मे महिना आणि महाबळेश्वरचा डिसेंबर यांतील फरक बाहेर जितका जाणवतो तितका तो इंजिनाच्या आत पोहोचत नाही. शिवाय इंधनबचतीसाठी आखलेल्या आजच्या अनेक पेट्रोल मोटारींना उत्पादक ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असे पातळ ऑइल सांगतात. त्यांतील ऑइल पंप, अरुंद वाहिन्या आणि ऑइलच्या दाबावर चालणारी झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा हे सारे त्याच दाटपणाला धरून बेतलेले असते, म्हणून त्यांत २०डब्ल्यू-५० भरल्याने संरक्षण वाढण्याऐवजी ऑइल पोहोचण्यास उशीर होतो आणि इंधनही अधिक जळते. वाऱ्याने थंड होणाऱ्या दुचाकींचे ऑइल शहरातील कोंडीत खरोखरच जास्त तापते. पण त्यांच्या उत्पादकांनी हे गृहीत धरूनच आकडा दिलेला असतो. हीरो आणि होंडाच्या लहान दुचाकींना १०डब्ल्यू-३०, रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी गाड्यांना १५डब्ल्यू-५० आणि बजाजच्या बहुतेक पल्सर गाड्यांना २०डब्ल्यू-५० अशी शिफारस असते, ती या इंजिनांच्या घडणीतील भेदामुळे. काही पुस्तिकांत परिसराच्या तापमानानुसार एकाहून अधिक आकड्यांचा तक्ता असतो. जुन्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनासाठी थोडे दाट ऑइल घ्यायचे असेल तर ते त्या तक्त्याच्या मर्यादेतच घ्यावे.

गुणवत्तेची श्रेणी

दाटपणा सारखा असूनही दोन ऑइलांची गुणवत्ता वेगळी असू शकते. ती ओळखण्याचे सर्वांत प्रचलित साधन म्हणजे अमेरिकेतील ‘एपीआय’ या पेट्रोलियम संस्थेची श्रेणी. तिच्यात पहिले अक्षर ‘एस’ असल्यास ऑइल पेट्रोल इंजिनासाठी आणि ‘सी’ असल्यास डिझेल इंजिनासाठी असते. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे तितकी श्रेणी नवी. एसएल ही श्रेणी २००१ मध्ये, एसएम २००४ मध्ये, एसएन २०१० मध्ये आणि एसपी २०२० मध्ये आली. थेट इंधन फवारणारी छोटी टर्बो इंजिने कमी वेगात जोर लावताना ठिणगीपूर्वीच पेट घेण्याचा जो दोष दाखवू लागली, त्याला आवर घालणाऱ्या आणि टायमिंग चेनची झीज तपासणाऱ्या चाचण्या एसपी श्रेणीत समाविष्ट झाल्या. मोटारीच्या बाबतीत पुस्तिकेने मागितलेल्या श्रेणीहून नवी श्रेणी सहसा चालते, जुनी चालत नाही. एसजेच्या आधीच्या साऱ्या श्रेणी एपीआयने कालबाह्य ठरवल्या आहेत. सुटे किंवा अतिस्वस्त ऑइल घेताना डब्यावर अशी जुनी अक्षरे नाहीत ना, हे अवश्य पाहावे.

डिझेल वाहनांच्या बाबतीत आणखी एक अट लागू होते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषणमानके लागू झाल्यावर डिझेल मोटारींच्या धूरनळीत काजळी अडवणारी गाळणी आली. गाळणीत साठलेली काजळी उष्णतेने जळून जाते, परंतु ऑइलमधील धातुयुक्त द्रव्यांची राख जळत नाही. ती साठत जाऊन गाळणी कायमची तुंबते. म्हणून अशा वाहनांसाठी कमी राखेचे ऑइल लागते आणि ते युरोपीय वाहन-उत्पादकांच्या ‘एसीईए’ या संघटनेच्या ‘सी’ गटाच्या संकेतांनी, उदाहरणार्थ सी२ किंवा सी३, ओळखले जाते. ट्रॅक्टर किंवा जुन्या जीपसाठी घरात आणून ठेवलेले डिझेल ऑइल बीएस-६ मोटारीत वापरणे त्यामुळेच महागात पडते.

दुचाकीचा क्लच

मोटारीत इंजिन ऑइलचा क्लचशी संबंध येत नाही. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल पुरते आणि क्लचप्लेटा त्यातच बुडालेल्या असतात. मोटारीच्या ऑइलमध्ये इंधनबचतीसाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात, आणि क्लचचे काम तर घर्षणावरच चालते. असे ऑइल मोटारसायकलीत पडले की प्लेटा घसरू लागतात, रेस वाढते पण गाडी ओढत नाही. हा पेच सोडवण्यासाठी जपानमधील ‘जासो’ या वाहनमानक संस्थेने १९९८ मध्ये चारफेरी दुचाकींच्या ऑइलसाठी क्लचच्या घर्षणाची स्वतंत्र चाचणी ठरवून दिली. तिच्यातील ‘एमए’ हा वर्ग ओल्या क्लचसाठी असून एमए१ आणि एमए२ हे त्याचे पोटभेद आहेत, आणि एमए२ मध्ये घर्षणाची पातळी अधिक राखलेली असते. ‘एमबी’ हा कमी घर्षणाचा वर्ग गिअर नसलेल्या स्कूटरसाठी आहे. कारण तिचा क्लच कोरडा असून इंजिनाच्या ऑइलपासून वेगळा असतो.

यावरून व्यवहाराचा नियम असा निघतो की स्कूटरसाठीचे एमबी ऑइल मोटारसायकलीत कधीही घालू नये. उलट एमए ऑइल स्कूटरमध्ये गेल्यास इंजिनाला धोका नसला तरी इंधनबचतीचा हेतू साधत नाही. मोटारीच्या ऑइलच्या डब्यावरील एपीआयच्या गोल चिन्हात खालच्या बाजूला ‘रिसोर्स कन्झर्विंग’ असे शब्द असतील तर ते ऑइल ओल्या क्लचसाठी नाही असे समजावे. ‘२टी’ असे लिहिलेले ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून जाळण्यासाठी असते आणि ते या विचारातून पूर्णपणे वगळावे.

खनिज आणि सिंथेटिक

वरील तीन अटी पूर्ण झाल्यावरच मूळ तेलाचा प्रश्न येतो. एपीआयने मूळ तेलांचे पाच गट मानले आहेत. पहिले दोन गट कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणाऱ्या, व्यवहारात ‘मिनरल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेलांचे आहेत. तिसऱ्या गटातील तेल कच्च्या तेलापासूनच, परंतु हायड्रोजनच्या साह्याने रेणूंची रचना बदलून मिळवतात. चौथा गट कारखान्यात घडवलेल्या पॉलिअल्फाओलेफिनचा आणि पाचवा एस्टरसारख्या उरलेल्या तेलांचा. तिसऱ्या गटाला ‘सिंथेटिक’ म्हणावे की नाही, यावर अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्यांत वाद झाला आणि १९९९ मध्ये तेथील जाहिरातींचे नियमन करणाऱ्या मंडळाने तसे म्हणण्यास हरकत नसल्याचा निर्वाळा दिला. तेव्हापासून बाजारातील ‘सिंथेटिक’ या शब्दाखाली एकाहून अधिक प्रकारची तेले येतात, आणि ‘सेमी सिंथेटिक’मधील मिश्रणाचे प्रमाण तर डब्यावरून कळतच नाही.

सिंथेटिक ऑइल उष्णतेत लवकर बिघडत नाही, थंडीत चांगले वाहते आणि त्याची वाफ कमी होते, हे फायदे खरे आहेत. टर्बो इंजिन, लांबचे प्रवास किंवा सतत कोंडीतील वापर यांत त्यासाठी जादा पैसे मोजणे समर्थनीय ठरते. मात्र उत्पादकाने मिनरल ऑइल पुरेसे मानलेल्या शंभर सीसीच्या गाडीत ते वेळेवर बदलणे हे महागडे ऑइल घालून बदल लांबवण्यापेक्षा अधिक हिताचे असते. चुकीच्या दाटपणाचे किंवा चुकीच्या जासो वर्गाचे ऑइल निव्वळ सिंथेटिक असल्यामुळे योग्य ठरत नाही.

फिल्टरची पारख

मोटारीच्या ऑइल फिल्टरचा उगम १९२३ मधील अमेरिकी संशोधक अर्नेस्ट स्वीटलँड यांच्या ‘प्युरोलेटर’ या गाळणीपर्यंत जातो. आज भारतीय वाहनांत फिल्टरचे चार प्रकार आढळतात. स्प्लेंडरसारख्या दुचाकींत तारेची जाळी आणि फिरत्या भांड्यात जडकण कडेला फेकणारी केंद्रोत्सारी यंत्रणा असते. तेथे विकत घेण्यासारखा कागदी फिल्टर नसून ठराविक अंतरानंतर इंजिनाचे झाकण काढून सफाई करावी लागते, आणि हे काम जाणत्या मेकॅनिककडे सोपवलेले बरे. अॅक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये फक्त जाळी असते व ती धुऊन पुन्हा बसवता येते. पल्सर, रॉयल एनफिल्ड अशा गाड्यांत कागदी घड्यांचा बदलता फिल्टर असतो, तर बहुसंख्य मोटारींत पत्र्याच्या डब्यासह फिरवून बसवायचा फिल्टर असतो.

पत्र्याच्या फिल्टरमध्ये कागदाइतकेच महत्त्व दोन झडपांना असते. पहिली रबरी झडप इंजिन बंद असताना ऑइल मागे ओघळू देत नाही, म्हणून सकाळी इंजिन सुरू होताच वंगण लवकर पोहोचते. हे रबर कडक झाले की सुरू करताना काही क्षण खडखड ऐकू येते. दुसरी, उपमार्गाची झडप, कागद तुंबला किंवा थंड ऑइल फार दाट असले की उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे सोडते, कारण गाळ असलेले वंगण हे वंगण नसण्यापेक्षा बरे असते. याचाच अर्थ असा की तुंबलेला फिल्टर कोणतीही सूचना न देता निरुपयोगी होऊ शकतो, आणि नव्या ऑइलसोबत जुना फिल्टर ठेवण्यात होणारी बचत फसवी ठरते.

फिल्टर निवडताना आटे जुळणे ही पुरेशी कसोटी नाही. २० मिलिमीटरचे मेट्रिक आटे आणि पाऊण इंचाचे आटे दिसायला जवळजवळ सारखे असतात, आणि आटे तंतोतंत जुळले तरी आतील झडपेचा दाब किंवा रबरी कड्याचा व्यास वेगळा असू शकतो. म्हणून पुस्तिकेतील किंवा उत्पादकाच्या यादीतील सुटा भाग क्रमांक पाहूनच खरेदी करावी. वेष्टनावर केवळ ‘अमुक मायक्रॉन’ असे लिहिलेले असल्यास त्यावरून फारसा बोध होत नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, पण त्या आकाराचे शेकडा किती कण अडतात हे सांगितल्याशिवाय आकडा अर्धवट राहतो. ही कार्यक्षमता मोजण्यासाठी ‘आयएसओ ४५४८-१२’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी असून तिचा उल्लेख करणारा उत्पादक अधिक भरवशाचा मानता येतो.

खरेदी आणि प्रत्यक्ष बदल

नामांकित ऑइलचे रिकामे डबे गोळा करून त्यांत निकृष्ट ऑइल भरून विकण्याचे प्रकार होतात, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडूनच बिलासह खरेदी करावी, झाकणाचे सील, उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक तपासावा आणि रिकामा डबा टाकताना त्याला भोके पाडावीत. वाहन हमीच्या मुदतीत असेल तर अधिकृत केंद्राबाहेर केलेल्या बदलाचा हमीवर काय परिणाम होतो, हे हमीपत्रकात आधी वाचावे.

किती ऑइल विकत घ्यायचे हेही पुस्तिकेतच असते. मात्र तेथे बहुधा दोन आकडे दिलेले असतात, एक नियमित बदलाचा आणि दुसरा, त्याहून मोठा, इंजिन पूर्ण खोलल्यानंतरचा. दुसरा आकडा धरून ऑइल भरले तर पातळी वर जाते, फिरते भाग ऑइल घुसळून फेस आणतात आणि दाबाने सीलमधून गळती सुरू होते. इंजिन काही मिनिटे चालवून कोमट असताना ऑइल काढावे, दुचाकी मधल्या स्टँडवर उभी करावी, आणि मोटारीखाली काम करताना नुसत्या जॅकवर विसंबू नये, भक्कम आधार लावावेत. तळाच्या नटाचा वायसर नवा वापरावा आणि नट आधी हातानेच काही आटे फिरवून मग पाना लावावा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जोराने आवळल्यामुळे जातात आणि मग दुरुस्तीचा खर्च ऑइलच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना हे पाहावे, नव्या कड्याला ऑइलचे बोट लावावे आणि ते टेकल्यानंतर फिल्टर हाताने साधारण पाऊण फेरा फिरवावा. शेवटी इंजिन सुरू करून ऑइलच्या दाबाचा दिवा विझतो का आणि कोठे गळती आहे का हे तपासावे, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पातळी पुन्हा पाहावी. अनेक दुचाकींत गेजची पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते, ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

जुन्या ऑइलची विल्हेवाट

वापरलेल्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली घातक हायड्रोकार्बने आणि झिजलेल्या धातूंचे कण असतात, म्हणून ते काढताना हातमोजे घालावेत आणि अंगाला लागलेले ऑइल साबणाने धुवावे. महाराष्ट्रात हे काळे ऑइल लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासणे किंवा सेंट्रिंगच्या प्लेटांना लावणे हे प्रकार रूढ आहेत. परंतु त्या वाटेने ते अखेर माती आणि पाण्यातच मिसळते. २०१६ च्या घातक कचराविषयक केंद्रीय नियमांनी वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात धरले आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेस पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. अमेरिकेत घरी ऑइल बदलणाऱ्यांकडून अनेक सुट्या भागांची दुकाने जुने ऑइल परत घेतात. भारतात अशी सोय सर्वत्र नसल्याने ते पाणी किंवा पेट्रोल न मिसळता बंद डब्यात साठवून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे. फिल्टरही रात्रभर निथळून त्याच मार्गाने द्यावा.

स्वतः ऑइल बदलू इच्छिणाऱ्याने म्हणून दुकानात जाण्यापूर्वी पुस्तिकेतील पाच गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात : एसएईचा आकडा, एपीआय किंवा एसीईए श्रेणी, दुचाकी असल्यास जासो वर्ग, नियमित बदलाला लागणारे लिटर आणि फिल्टरचा भाग क्रमांक. या पाचही गोष्टी जुळल्यानंतर डबा कोणत्या कंपनीचा आहे, हा प्रश्न गौण ठरतो.